मेलेल्या दरवानाची साक्ष

"पण चूक कुठं आहे, ते तरी सांगा ना, बीबी?"

मुफद्दलनं तिसऱ्यांदा विचारलं.

बीबी उमामा मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर. परक्या माणसाला वाटलं असतं, म्हातारीला डुलकी लागली. मुफद्दलला तसं वाटलं नाही. बारा वर्षं तो तिच्यापुढं बसून शिकला होता. तिनं डोळे मिटले की काहीतरी खटकलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तेच पान परत वाच," ती म्हणाली.

थांबा. आधी ही दोघं कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्यावरच वैतागाल.

गोष्ट खलिफांच्या काळातली आहे. शहराचं नाव विचारू नका. मोठी नदी, तिच्यावर होड्या बांधून केलेला पूल, पलीकडं राजवाडा, एवढं पुरे. तिथं अल-मुशफिक नावाचा खलिफा राज्य करत होता. हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गादीवर बसताना खलिफा नवं नाव घ्यायचे, तसं त्यानं घेतलं. मुशफिक म्हणजे कनवाळू. नाव घ्यायला काय जातंय? आणि हो, इतिहासाच्या पुस्तकात त्याला शोधत बसू नका. हा आपल्या गोष्टीतला खलिफा आहे.

या खलिफाच्या मनात आलं की आपलं चरित्र लिहून व्हावं, तेही आपल्या डोळ्यांदेखत. काम दिलं मुफद्दलला. मुफद्दल हुशार होता, भाषा गोड होती, आणि या दोन्ही गोष्टी त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होत्या. पाच वर्षं खपून त्यानं चारशे पानं लिहिली.

पण नुसतं लिहून भागत नसे. त्या काळी पुस्तक लिहिणाऱ्यानं ते आपल्या गुरूसमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. गुरूनं ऐकायचं, टोकायचं, आणि सगळं खरं वाटलं तर शेवटी आपल्या हातानं लिहून द्यायचं, 'मी ऐकलं.' तेवढे शब्द असल्याशिवाय एकही नकलनवीस त्या पुस्तकाला हात लावत नसे. आणि बीबी उमामानं 'मी ऐकलं' लिहिलं की पुढं कुणी शंका काढत नसे. तिच्यासमोर मोठमोठे काझी मान खाली घालून बसलेले. सत्तरी उलटली तसा तिनं आपल्या आणि शिष्यांच्या मधला पडदाही काढून टाकला होता. म्हणायची, आता मला बघून कुणाचं काय बिघडणार आहे?

खलिफाला तिचंच हस्ताक्षर हवं होतं. दुसऱ्या कुणाचं चालणार नव्हतं.

आज वाचनाचा नववा दिवस. सकाळची उन्हं अंगणातल्या डाळिंबापर्यंत आली होती. लढाया वाचून झाल्या, कालवा वाचून झाला, वेधशाळा झाली. बीबीनं चार ठिकाणी टोकलं, मुफद्दलनं सुधारलं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि या शेवटच्या पानाशी गाडी अडली.

मुफद्दलनं घसा साफ केला.

"मला सांगितलं हाजिब हर्समानं. हर्समाला सांगितलं राजवाड्याचा दरवान फर्रुख यानं. आणि फर्रुख म्हणाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं..."

प्रत्येक हकिगतीची सुरुवात अशीच व्हायची. कोणी कोणाकडून ऐकलं, त्या नावांची साखळी आधी. मग हकीगत. आणि हाजिब म्हणजे खलिफाच्या भेटी ठरवणारा कारभारी.

"...की एका शुक्रवारी मोठ्या मशिदीत खतीब नुऐम प्रवचनाच्या शेवटी खलिफाचं नाव घ्यायला विसरला. लोकांना वाटलं, आता म्हाताऱ्याची मान उडणार. पण अमीरुल मोमिनीन हसले. म्हणाले, माझं नाव विसरला तर काय झालं, अल्लाचं तर आठवणीत आहे ना? आणि स्वतःच्या अंगावरचा झगा काढून त्यांनी खतिबाच्या खांद्यावर घातला."

शेवटचं वाक्य वाचताना त्याचा आवाज जरा भरून आला. सगळ्या पुस्तकात त्याला हेच पान सगळ्यात जास्त आवडत होतं.

अमीरुल मोमिनीन म्हणजे खलिफाच. शुक्रवारच्या प्रवचनात खतिबानं शेवटी खलिफाचं नाव घेऊन त्याच्यासाठी दुआ मागायची, हा रिवाज. नाव गाळलं की अर्थ एकच, की आम्ही हा खलिफा मानत नाही. बंडं अशीच सुरू व्हायची. तेव्हा नाव विसरणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

"फर्रुख कधी वारला?" बीबीनं विचारलं.

मुफद्दल गोंधळला. "फर्रुख... दरवान?"

"तोच. तुझा साक्षीदार."

"नक्की सांगता यायचं नाही."

"मला येईल. पूल वाहून गेला त्या पुराच्या साली. पुरानंतर तापाची साथ आली, तिच्यात गेला. त्याची बायको माझ्याकडं शिकायला येत होती. नवरा गेल्यावर इद्दतीत बसली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही. तिचे तेवढे धडे बुडाले, ते मी नंतर भरून काढले."

"अच्छा..."

"आणि नुऐम नाव विसरला, तो शुक्रवार कधीचा?"

मुफद्दल बोटांवर वर्षं मोजू लागला.

"पुरानंतर दोन वर्षांनी," बीबीनंच सांगितलं. "म्हणजे तुझा फर्रुख कबरीतून उठला, मशिदीत आला, सगळं डोळ्यांनी पाहिलं, हर्समाला सांगितलं आणि परत जाऊन निजला."



बघा, माणूस खोटं बोलायला गेला तरी आपल्या धंद्याची सवय सोडत नाही. दुसरा कुणी असता तर नुसती गोष्ट ठोकून मोकळा झाला असता. पण हा बीबीचा शिष्य. खोट्यालासुद्धा त्यानं साक्षीदारांची साखळी जोडली आणि त्या साखळीतच पाय अडकून पडला.

"नुऐम कुठं आहे, मुफद्दल?"

त्याला उत्तर माहीत होतं. सगळ्या शहराला माहीत होतं.

"नदीतल्या बेटावरच्या किल्ल्यात," तो पुटपुटला.

"कधीपासून?"

"त्याच शुक्रवारपासून. अकरा वर्षं झाली."

"जिवंत आहे?"

"आहे म्हणतात."

बीबीनं डोळे उघडले. त्यांत राग असेल अशी मुफद्दलची अटकळ होती. राग नव्हता, आणि त्यानंच तो जास्त घाबरला.

"बाकीचं सगळं खरं आहे, बीबी," तो घाईघाईनं म्हणाला. "एकूण एक पान खरं आहे. एवढं एकच मी रचलं."

"का?"

"कारण नुसत्या लढाया आणि कालवे. चारशे पानं मी चाळली. नाव घेतलंय कनवाळू, आणि दयेची एक गोष्ट नाही. एक तरी नको का? वाचणाऱ्यानं म्हणायचं काय? मी हर्समाला विचारलं, शाही हकिमाला विचारलं, स्वयंपाक्यालासुद्धा विचारलं. सगळे म्हणाले, आठवून सांगतो. कुणाला काही आठवलं नाही."

बीबी ऐकत होती.

"मी ते पान काढून टाकतो," मुफद्दल म्हणाला. "आत्ता, तुमच्यासमोर. मग तर तुम्ही 'ऐकलं' लिहाल?"

बीबीनं हात पुढं केला. "चाकू दे."

बोरू तासायचा चाकू मुफद्दलच्या पेटीत होता. चुकलेलं अक्षर त्याच चाकूनं अलगद खरवडून काढायचं आणि कागद घोटून पुन्हा गुळगुळीत करायचा, अशी लिहिणाऱ्यांची रीत. त्यानं चाकू दिला. पान तिच्यापुढं सरकवलं. मनाशी म्हणाला, सुटलो.

बीबीनं पान गुडघ्यावर घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली. चाकू बरोबर अक्षरांवरच चालत होता. आधी हर्समा गेला. मग फर्रुख गेला.

मग ती थांबली. पानावर फुंकर मारली आणि ते मुफद्दलच्या हातात दिलं.

त्यानं पाहिलं. साखळी गेली होती. गोष्ट तशीच होती. खतीब, हसणारा खलिफा, खांद्यावरचा झगा, सगळं जिथल्या तिथं.

"बीबी, खोटं राहिलं की यात."

"साक्षीदार खोटे होते. ते काढले."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट चांगली आहे. तिला खरा साक्षीदार आण."

मुफद्दल तिच्याकडं बघत राहिला. म्हातारीचं वय झालं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू, आपल्याही मनात आला असता.

"जे घडलंच नाही त्याला साक्षीदार कुठून आणू?"

"घडलं नाही खरं. पण नुऐम जिवंत आहे. खलिफा जिवंत आहे. नदीवर होड्या आहेत. न घडायला काय झालं?"

भिंतीपलीकडं कुणीतरी गाढव हाकत गेलं.

मग मुफद्दलच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे मी खलिफाकडं जाऊन सांगू? या माणसाला सोडा म्हणून?"

"मी काहीच सांगत नाही. हे पान जोवर असं आहे तोवर मी 'ऐकलं' लिहिणार नाही, एवढंच. तू त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

"माझी मान जाईल, बीबी."

"जाऊ शकते."

"तुम्हाला काय होतंय बोलायला?" मुफद्दल एकदम भडकला. बारा वर्षांत तो तिच्याशी असा कधी बोलला नव्हता. "अकरा वर्षं तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही काय केलंत?"

बीबीचा चेहरा पडला. खरंच पडला. ती म्हातारी तेव्हा पहिल्यांदा म्हातारी दिसली.

"तीनदा गेले राजवाड्यावर," ती म्हणाली. "पहिल्यांदा दोन दिवस बसवून ठेवलं. दुसऱ्यांदा दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा हाजिब म्हणाला, आजीबाई, उन्हाच्या कशाला येता, चक्कर येईल. मग नाही गेले. जायला हवं होतं, पण थकले आणि नाही गेले. त्याची मला लाज वाटते."

मुफद्दलनं मान खाली घातली.

"तेव्हा माझ्याकडं त्यांना हवं असलेलं काही नव्हतं," बीबी म्हणाली. "आत्ता आहे. ऊठ. दुपारच्या नमाजानंतर ते भेटतात."

...

खलिफाचे पाय सुजले होते. संधिवातानं दोन वर्षं त्याला बेजार केलं होतं. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून तो बसला होता, आणि अशा वेळी लढायांतला खलिफा आणि तुमच्याआमच्या घरातला दुखणेकरी म्हातारा यांत फारसा फरक राहत नाही.

"झालं वाचून?" त्यानं विचारलं. "लिहिलं बाईंनी?"

"नाही, अमीरुल मोमिनीन. एका पानाशी थांबल्या."

"कुठल्या?"

मुफद्दलनं पान वाचून दाखवलं. साखळी नव्हतीच, त्यामुळं गोष्ट एकदम सुरू झाली. खलिफा ऐकत होता. 'अल्लाचं तर आठवणीत आहे ना' या वाक्याशी तो चक्क हसला.

"हे मी बोललो?"

"नाही, हुजूर."

"मग कोण बोललं?"

"मी. मी रचलं. बीबींनी पकडलं."

खलिफाचं हसू गेलं. सेवकाला त्यानं हातानं बाहेर जायची खूण केली. दार लागलं तसं त्यानं विचारलं.

"तो खतीब... आहे अजून?"

"आहे, हुजूर. बेटावर."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षं मी सांगितली नव्हती," खलिफा म्हणाला. "मी म्हणालो होतो, घेऊन जा याला. एवढंच. किती दिवस, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

...

"त्या दिवशी माझ्या भावानं बंड पुकारल्याची बातमी आली होती," खलिफा पुढं म्हणाला. "आणि त्याच दिवशी हा माणूस माझं नाव गाळतो. मला वाटलं, ठरवून गाळलं. तेव्हापासून मी मशिदीत बसतो तो फक्त नाव येतंय का ते ऐकायला. अकरा वर्षांत एक प्रवचन माझ्या कानात शिरलेलं नाही."

मुफद्दल उभाच होता. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"समज, मी त्याला सोडलं. मग हे पान राहील? असंच?"

"नाही, हुजूर. बीबी म्हणतात, खरा साक्षीदार हवा. आता खरा साक्षीदार म्हणजे तो स्वतःच. तो सांगेल ते लिहायचं."

"तो ती अकरा वर्षंही सांगेल."

"सांगेल."

"मग फाड ते पान."

खलिफानं ते शांतपणे सांगितलं. मुफद्दलची सुटका तिथंच होती, बरं का. पान फाडायचं, मुजरा करायचा, घरी जायचं. ते पान गेलं असतं तर पुस्तक चोख खरं होतं. बीबीला 'ऐकलं' लिहिण्यावाचून गत्यंतर राहिलं नसतं. हे सगळं मुफद्दलच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. पानाची कड त्यानं बोटांत धरलीसुद्धा.

पण त्याला फाडवेना.

"फाडतो, हुजूर. पण आधी एक सांगू?"

"सांग."

"पाच वर्षं मी तुमचं आयुष्य लिहितोय. तुम्ही कालवा खणलात, तो मी लिहिला. सरहद्द राखलीत, ती लिहिली. चारशे पानांत शेकडो माणसं तुम्हाला भेटायला येतात. कुणी घाबरून येतं, कुणी काही मागायला येतं. पण तुम्हाला भेटून आनंदानं घरी गेलेला एक माणूस त्यांत नाही. मी शोधला. पाच वर्षं शोधला. सापडला नाही, म्हणून रचला."

बोलून झाल्यावर, हे आपणच बोललो का, असं त्याला वाटलं.

खलिफा त्याच्याकडं बघत नव्हता. पाण्यातल्या आपल्या पायांकडं बघत होता. पाणी केव्हाच गार झालं होतं, पण ते बदलायला कुणाला बोलवावं हे त्याला सुचलं नसावं.

...

"ते पान इथं ठेव," शेवटी तो म्हणाला. "आणि घरी जा."

मुफद्दल घरी गेला. तीन दिवस दाराची कडी वाजली की त्याची बायको रडायला लागायची. कुणाला काही सांगायची सोय नव्हती. पुस्तकं त्यानं सासऱ्याकडं हलवली, मुलीला जवळ बसवून तिच्याकडून कुराणातले दोन अध्याय पाठ करून घेतले, आणि तीन दिवसांत एक ओळ लिहिली नाही. बीबीचा राग राग केला, मग स्वतःचा केला, आणि मग नुसताच बसून राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला. राजवाड्याचा नव्हता, बीबीचा होता. 'पेटी घेऊन ये. साक्षीदार आलाय.'

मुफद्दल एवढ्या घाईनं निघाला की पुलावर चप्पल तुटली. ती तिथंच टाकून तो पुढं गेला.

डाळिंबाखाली एक माणूस बसला होता. दाढी छातीपर्यंत पांढरी. डोळ्यांवर हात धरून बसला होता, उजेड सोसत नव्हता म्हणून. बीबी त्याला वाटीतून खजूर देत होती आणि तो एकेक खजूर इतका सावकाश खात होता की बघवत नव्हतं. याच नुऐमच्या आवाजानं एके काळी मोठी मशीद दणाणायची. आता तो बोलला, तेव्हा मुफद्दलला ऐकायला जवळ सरकावं लागलं.

"सलाम, मुला. ते पान तुझं का?"

"माझं, खतीबसाहेब." मुफद्दलला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

"बोरू घे," बीबी म्हणाली. "रडणं नंतर."

मुफद्दलनं दौत उघडली.

"काल दुपारी मला किल्ल्यातून काढलं आणि त्यांच्यापुढं नेलं," नुऐम सांगू लागला. "मला वाटलं, संपलं. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. तुझं पान मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, यातलं मी काहीच केलं नाही."

मुफद्दल लिहीत होता.

"मी म्हणालो, नाही केलंत. ते म्हणाले, त्या दिवशी माझं नाव का गाळलंस? मी म्हणालो, गाळलं नाही, हुजूर, सुटलं. मशिदीच्या दारात एक बाई भेटली होती. तिचा मुलगा लष्करात गेला होता, पाच महिने खबर नव्हती. त्याचं नाव घेऊन दुआ माग म्हणाली. नाव अवघड होतं, तिच्या डोंगरी मुलखातलं. ते विसरू नये म्हणून सगळं प्रवचनभर मनात घोळवत होतो. त्याचं घेतलं आणि त्या नादात तुमचं राहिलं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, काय होतं त्या मुलाचं नाव? मी सांगितलं, वर्दान्शाह. ते म्हणाले, अजून आठवतं? मी म्हणालो, तिथं दुसरं काम काय होतं, हुजूर. रोज त्याच्यासाठी मागत होतो."

नुऐम थांबला. बीबीनं त्याला पाणी दिलं.

"हसले का ते?" मुफद्दलनं विचारलं.

"नाही."

"झगा?"

"नाही, बाबा. झगाबिगा काही नाही. नुसतं म्हणाले, माझ्याकडून अन्याय झाला. एवढं म्हणायला त्यांना फार कष्ट पडले. मग म्हणाले, घरी जा. मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो."

"का?" आता बीबीनं विचारलं.

"माझ्या कोठडीत आणखी चौघं आहेत, बीबी. त्यांच्याही बाबतीत कुणीतरी 'घेऊन जा' एवढंच म्हणालं होतं. ते मी हुजुरांना सांगितलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"काहीच नाही. नावं विचारली. मी चारही नावं सांगितली. त्यांनी मला ती पुन्हा सांगायला लावली, आणि स्वतःशी एकदा म्हणून पाहिली. तेवढंच झालं. पुढं काय करणार ते काही बोलले नाहीत. मी घरी आलो."

मुफद्दलनं लिहिणं संपवलं. मग रिवाजाप्रमाणं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सुरुवातीला या वेळी एकच नाव होतं, 'मला सांगितलं खतीब नुऐमनं, आणि तो म्हणाला, हे माझ्यावर गुदरलं.' अकरा वर्षं होती. 'घेऊन जा' होतं. सुटलेलं नाव होतं आणि न दिलेला झगाही होता. चौघांची नावंही होती.

"बरोबर?" बीबीनं विचारलं.

"बरोबर," नुऐम म्हणाला.

बीबीनं बोरू मागितला. पानाखाली लिहिलं, 'मी ऐकलं.' शाई वाळेपर्यंत पान हातात धरलं.

मुफद्दलनं पाच वर्षांचा श्वास सोडला. पानं गोळा केली, कडा जुळवल्या, फडक्यात बांधायला घेतली. त्याला फार हलकं वाटत होतं. एवढं हलकं त्याला स्वतःच्या स्तुतीनंसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

"मग झालं ना पुस्तक, बीबी? आता इथून थेट पुस्तक बांधणाऱ्याकडं जातो."

"जा," बीबी म्हणाली. "त्याला सांग, या पानामागं चार कोरे कागद घालून शिव."

"कोरे? ते कशाला?"

बीबीनं वाटीतला खजूर उचलला आणि नुऐमच्या हातावर ठेवला.

"खलिफा अजून जिवंत आहे."